नॉर्थ डाकोटाची तीन सरोवरे



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका मित्राने आम्हाला वाटेत गाठले आणि विचारले, "ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर तळ्यांच्या गोष्टी सांगून लोकांना गारवा देण्याचा विचार दिसतो! पण मग आपल्याकडची तळी काय आटली, म्हणून अमेरिकेपर्यंत गेलात?" मित्राचा प्रश्न थट्टेचा होता, परंतु त्याचे उत्तर मात्र थट्टेचे नाही. तेच उत्तर आज तासाभरात आपणांपुढे मांडावे असा आमचा विचार आहे. व्याख्यान संपेपर्यंत गारवा कितपत टिकेल याची हमी मात्र आम्ही देत नाही.

नॉर्थ डाकोटा हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील, कॅनडाच्या सरहद्दीला लागून असलेले एक राज्य. १८८९ मध्ये ते संघराज्यात सामील झाले. क्षेत्रफळाने ते आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडे मोठे; पण २०२० च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या भरली अवघी ७ लाख ७९ हजार. एका मध्यम शहरात मावतील एवढी माणसे एवढ्या मोठ्या मुलखावर विखुरलेली आहेत. डोंगर जवळजवळ नाहीत, जंगल बेताचेच. नजर पोचेल तिथवर गवत आणि गव्हाची शेते. अशा मुलखाला तिकडे 'प्रेअरी' म्हणतात. आपण गवताळ माळ म्हणू. या माळावर तीन मोठी सरोवरे आहेत. पहिले सकाकविया, दुसरे ओआहे आणि तिसरे डेव्हिल्स लेक. पहिली दोन माणसाने केलेली, तिसरे निसर्गाचे.

भूगोलाच्या पुस्तकात एवढे सांगून, पुढे लांबी, रुंदी आणि खोली यांचा तक्ता देऊन धडा संपतो. आम्हीही वर्षानुवर्षे तो तसाच वाचत आलो. परंतु एकदा जुना आणि नवा असे दोन नकाशे शेजारी ठेवून पाहण्याचा योग आला, आणि आम्ही थबकलो. १९४० च्या सुमाराच्या नकाशावर मिसुरी नदी या राज्यातून निळ्या दोऱ्यासारखी वळणे घेत जाते, आणि तिच्या काठी एल्बोवुड्स नावाचे गाव आहे. नव्या नकाशावर तोच दोरा, मोठे भक्ष्य गिळलेल्या अजगरासारखा फुगलेला आहे. आणि एल्बोवुड्स त्यावर नाही. डेव्हिल्स लेकचेही तसेच. जुन्या नकाशावर ते एक लहानसे डबके, नव्यावर हातपाय पसरून बसलेले प्रचंड सरोवर. म्हणजे 'राज्यातील सर्वांत मोठी सरोवरे कोणती?' या साध्या प्रश्नाचे १९४० सालचे उत्तर आणि आजचे उत्तर एक नाही. मधल्या काळात काय घडले, कोणी घडवले आणि त्याची किंमत कोणी दिली, हा खरा विषय आहे.

प्रथम जमिनीची थोडी ओळख करून घेऊ. या राज्यात पाऊस बेताचा पडतो. पूर्वेकडे वर्षाला वीस इंचांच्या आसपास, आणि पश्चिमेकडे जावे तसा तो कमी होत पंधरा इंचांच्याही खाली येतो. त्यातला काही भाग हिवाळ्यात बर्फ होऊन पडतो आणि वसंतात एकदम वितळतो. त्यामुळे दुष्काळ आणि पूर ही दोन्ही संकटे या मुलखाला सारखीच परिचयाची आहेत. एका दशकात धुळीची वादळे उठतात, तर दुसऱ्यात शेतांतून होड्या चालवाव्या लागतात. पाऊस दरसाल सारखाच पडेल असे धरून जो कोणी येथे घर बांधील, तो केव्हा तरी फसणारच.

या जमिनीचे रूप हिमनद्यांनी घडवले आहे. शेवटच्या हिमयुगातील बर्फाचा थर उत्तरेकडे हटू लागला तेव्हा मागे लाखो लहानमोठे खळगे राहिले. त्यांत पाणी साचते आणि बदके उतरतात. बर्फाच्या भिंतीने उत्तरेकडची वाट अडवल्यामुळे राज्याच्या पूर्व भागात एक अवाढव्य सरोवरही तयार झाले होते. आज ते अस्तित्वात नाही. शास्त्रज्ञांनी १८७९ मध्ये त्याला लुई अगासी या हिमनदीशास्त्रज्ञाचे नाव दिले. बर्फ वितळला, वाट मोकळी झाली आणि ते सरोवर वाहून गेले. मागे राहिला तो त्याचा तळ. हाच तो रेड नदीच्या खोऱ्यातील काळाभोर, पाटासारखा सपाट प्रदेश. तेथे फार्गो आणि ग्रँड फोर्क्स ही शहरे वसली आहेत. रेड नदी उत्तरेकडे वाहते. वसंतात दक्षिणेकडचा बर्फ आधी वितळतो आणि उत्तरेकडे मात्र नदी अजून गोठलेली असते. त्यामुळे पाणी तुंबते आणि सपाटीवर पसरते. १९९७ च्या वसंतात ग्रँड फोर्क्स शहर असेच पाण्याखाली गेले होते. सरोवर गेले तरी आपला तळ त्याने पुरता सोडलेला नाही, असेच म्हणावेसे वाटते. ही गोष्ट आपण लक्षात ठेवू. पुढे तिचे काम पडेल.

आता पश्चिमेकडे, मिसुरी नदीकडे वळू. वरचा माळ कोरडा आणि वाऱ्याने झोडपलेला. पण नदीच्या दरीत उतरले की चित्र पालटत असे. पुराने आणून टाकलेल्या गाळाची मळई, कॉटनवुडची झाडे, जनावरांना हिवाळ्यात आसरा, घराला लाकूड, चुलीला जळण. या मळईत मँडन, हिदात्सा आणि अरिकारा या तीन जमाती पिढ्यान्‌पिढ्या शेती करीत होत्या. 'अमेरिकेतील मूळ रहिवासी' म्हटले की घोड्यावरून रानरेड्यांमागे धावणारी माणसे आपल्या डोळ्यांपुढे येतात. हे लोक तसे नव्हते. ते गाव करून राहणारे शेतकरी होते. मका, घेवडा, भोपळा आणि सूर्यफूल ही त्यांची पिके. शेतीचे काम आणि शेतीचे ज्ञान स्त्रियांकडे होते. बी कसे निवडावे, मका केव्हा तोडावा, जमिनीखालच्या पेवांत धान्य कसे साठवावे, हे सारे त्यांना ठाऊक होते. बफेलो बर्ड वुमन या हिदात्सा स्त्रीने ही विद्या गिल्बर्ट विल्सन या अभ्यासकाला तपशीलवार सांगितली आणि १९१७ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. आपल्या खेड्यातल्या एखाद्या अनुभवी आजीबाईंनी ते पुस्तक ऐकले, तर पेवाचे वर्णन आले की त्या मान डोलावतील.

१८३७ च्या देवीच्या साथीने या लोकांची भयंकर हानी केली. मँडन तर जवळजवळ नामशेष झाले. उरलेल्या तिन्ही जमाती एकमेकींच्या आधाराने एकत्र आल्या. १८५१ च्या फोर्ट लॅरामीच्या तहात त्यांचा म्हणून मान्य झालेला प्रदेश पुढच्या हुकुमांनी आणि कायद्यांनी आकसत आकसत गेला, आणि शेवटी फोर्ट बर्थोल्ड नावाचा राखीव प्रदेश तेवढा त्यांच्याकडे राहिला. मात्र त्यात नदीची मळई होती, आणि तिच्या जोरावर ते आपल्या पायांवर उभे होते. एल्बोवुड्स हे त्यांचे मुख्य गाव. तेथे शाळा होती, इस्पितळ होते, कचेरी होती आणि १९३४ मध्ये बांधलेला नदीवरचा पूलही होता.

अशातच १९४३ च्या वसंतात मिसुरीला मोठे पूर आले. खाली नेब्रास्का राज्यात ओमाहा शहराच्या परिसराला त्यांचा तडाखा बसला. पुराचा बंदोबस्त झाला पाहिजे अशी मागणी उठली, आणि ती रास्तच होती. लष्कराच्या अभियंता विभागातील कर्नल पिक यांनी एक योजना तयार केली; पाटबंधाऱ्यांकडे पाहणाऱ्या दुसऱ्या खात्यातील स्लोन यांनी दुसरी. एका योजनेची नजर पूर आणि नौकानयन यांवर, तर दुसरीची शेतीच्या पाण्यावर. दोन खात्यांत कोणी माघार घेईना, तेव्हा १९४४ च्या पूरनियंत्रण कायद्याने दोन्ही योजना एकत्र बांधून टाकल्या. मिसुरीच्या मुख्य प्रवाहावर धरणांची मालिका उभी करण्याचे ठरले. तिच्यातील एक मोठे धरण नॉर्थ डाकोटात, गॅरिसन येथे व्हायचे होते. त्याच्या बुडीत क्षेत्रात फोर्ट बर्थोल्डची जवळजवळ सगळी मळई येत होती.

जमातींनी विरोध केला. तो नुसता रडारडीचा विरोध नव्हता. त्यांनी आपल्याच हद्दीतील, नदीच्या वरच्या अंगाची दुसरी जागा धरणासाठी देऊ केली होती. ती नाकारण्यात आली. वरच्या बाजूला असलेल्या विलिस्टन शहराच्या रक्षणासाठी मात्र मातीचे बांध घालण्यात आले. जमातींपुढे शेवटी प्रश्न राहिला तो एवढाच, की सही करून काही पैसे पदरात पाडून घ्यावेत, की सही न करता बुडून जावे. २० मे १९४८ रोजी वॉशिंग्टनमध्ये करारावर सह्या झाल्या. त्या प्रसंगाचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. मंत्री क्रुग खाली मान घालून सही करीत आहेत, भोवती सुटाबुटातील मंडळी उभी आहेत, आणि त्यांच्यातच उभे असलेले जमातींच्या मंडळाचे अध्यक्ष जॉर्ज जिलेट हाताने तोंड झाकून रडत आहेत. धरणांवरची पुष्कळ पुस्तके आम्ही चाळली आहेत. परंतु 'भूसंपादन' या शब्दाचा अर्थ या एका चित्राइतका स्वच्छ आम्हाला दुसऱ्या कशानेही कळला नाही.

आता धरणाचे आकडे. तेही सांगितले पाहिजेत, कारण अभियंत्यांची ती कामगिरी सामान्य नव्हती. १९४७ मध्ये काम सुरू झाले आणि १९५३ मध्ये नदी अडवण्यात आली. त्या समारंभाला अध्यक्ष आयझेनहॉवर स्वतः हजर होते. मातीचा हा बांध दोन मैलांहून अधिक लांब आणि २१० फूट उंच आहे. त्याच्यामागे साचलेले सकाकविया सरोवर १७८ मैल लांब. त्याचा काठ चालत जायचा म्हटला तर तेराशे मैलांहून अधिक भरेल. त्याची साठवण २ कोटी ३८ लाख एकर-फूट, म्हणजे आपल्या कोयनेच्या शिवाजीसागरासारखे दहा जलाशय त्यात सहज रिकामे करता येतील. मानवनिर्मित जलाशयांत साठवणीच्या दृष्टीने मीड आणि पॉवेल यांच्या खालोखाल त्याचा त्या देशात क्रमांक लागतो. वीजघराची क्षमता ५८३ मेगावॉट आहे आणि १९५६ पासून तेथे वीज निर्माण होत आली आहे.

आणि आता दुसऱ्या बाजूचे आकडे. फोर्ट बर्थोल्डची सुमारे दीड लाख एकर जमीन गेली. हा त्या राखीव प्रदेशाचा जवळजवळ चतुर्थांश. पण लागवडीच्या जमिनीपुरता हिशेब केला तर शंभरांतील ९४ भाग गेले. ३२५ कुटुंबे उठली, म्हणजे वस्तीतील दर पाचांपैकी सुमारे चार माणसे. एल्बोवुड्स गेले, सॅनिश आणि व्हॅन हूक ही गावेही गेली. लोकांना वरच्या माळावर जागा मिळाली. तेथे वारा होता, पण झाडी नव्हती आणि गाळही नव्हता. 'न्यू टाउन' नावाचे नवे गाव उभे राहिले. नाव ठेवायलाही कोणाचे मन लागले नसावे, असे ते नाव वाचताना वाटते. सरोवराचे फाटे आत शिरल्यामुळे राखीव प्रदेशाचे पाच तुकडे झाले. पूर्वी पूल ओलांडून ज्या भावकीकडे संध्याकाळी जाऊन येता येई, तिच्याकडे जायला आता लांबचा वळसा पडू लागला. एल्बोवुड्सचा पूल न्यू टाउनजवळ नेऊन बसवण्यात आला. पण माणसांची जुनी ये-जा तशी उचलून नेता आली नाही.

मोबदल्याचे काय झाले, हा प्रश्न आपल्या मनात आला असेल. करारात ५१ लाख डॉलर होते. १९४९ च्या कायद्याने आणखी ७५ लाख देऊन प्रकरण मिटवण्यात आले. मग चार दशकांनंतर पुन्हा चौकशी झाली आणि हा मोबदला न्याय्य नव्हता असे ठरून १९९२ मध्ये १४ कोटी ९२ लाख डॉलरांचा निधी मंजूर झाला. म्हणजे चूक होती हे सरकारनेच मान्य केले; मात्र ज्यांची शेते गेली त्यांच्यातील पुष्कळजण तोवर हयात नव्हते. इस्पितळ बुडाले होते, त्याच्या जागी एल्बोवुड्सच्याच नावाचे आरोग्यकेंद्र न्यू टाउनला उघडले ते २०११ मध्ये. सुमारे साठ वर्षे! धरण बांधायला सात वर्षे पुरली. दवाखान्याला साठ लागली.

सरोवराच्या नावाबद्दलही दोन शब्द सांगितले पाहिजेत. सकाकविया ही शोशोनी जमातीची मुलगी. लहानपणी ती पकडली जाऊन हिदात्सांमध्ये आली. १८०४-०५ च्या हिवाळ्यात लुइस आणि क्लार्क यांची सफर या भागात मुक्कामाला होती. तिच्याबरोबर ही तरुणी पाठीवर तान्हे मूल बांधून पश्चिम समुद्रापर्यंत गेली आणि परत आली. हिदात्सा भाषेत तिच्या नावाचा अर्थ 'पक्षिणी' असा होतो. नाव गौरवाचे आहे यात शंका नाही. परंतु ज्या हिदात्सांनी हे नाव दिले, त्यांचीच शेते त्या नावाच्या पाण्याखाली आहेत, हे त्या सरोवरात होडी वल्हवणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

दुसरे सरोवर ओआहे. त्याचे धरण खालच्या साउथ डाकोटा राज्यात, पिअर या राजधानीच्या शहराजवळ आहे. पाणी मात्र २३१ मैल मागे, थेट नॉर्थ डाकोटाची राजधानी बिस्मार्कपर्यंत पसरते. अध्यक्ष केनेडी यांच्या हस्ते १९६२ च्या ऑगस्टमध्ये त्याचा लोकार्पण समारंभ झाला. त्याच्या पाण्याखाली स्टँडिंग रॉक आणि शायेन रिव्हर या सू लोकांच्या राखीव प्रदेशांतील मिळून दीड लाख एकरांहून अधिक जमीन गेली. कथा तीच आहे, म्हणून ती आम्ही पुन्हा सांगत नाही. फक्त नावाचा अर्थ सांगतो. 'ओआहे' म्हणजे पाया, पाय रोवून उभे राहण्याची जागा. तेथल्या एका जुन्या मिशनचे ते नाव होते.

धरणांमुळे काहीच मिळाले नाही असे मात्र आम्ही म्हणणार नाही. वीज मिळाली. खालच्या शहरांना पुरापासून पुष्कळ संरक्षण मिळाले. मासेमारी आणि पर्यटन वाढले. परंतु नॉर्थ डाकोटाच्या शेतकऱ्यांचाही एक जुना सल आहे. दोन्ही जलाशयांत मिळून राज्याची सुमारे साडेपाच लाख एकर जमीन गेली. तिच्या बदल्यात दहा लाख एकरांना कालव्याचे पाणी मिळेल असे सांगण्यात आले होते. १९६५ मध्ये त्यातील अडीच लाख एकरांची योजना मंजूर झाली. १९७० च्या दशकात मॅक्लस्की नावाचा ७४ मैलांचा कालवा खोदला गेला. पण येथे भूगोल आडवा आला. मिसुरीचे पाणी दक्षिणेला मेक्सिकोच्या आखाताकडे जाते. कालव्याचे पाणी जेथे उतरायचे, तेथून ते उत्तरेला हडसनच्या उपसागराकडे जाणार. कॅनडाने हरकत घेतली. एका खोऱ्यातील मासे आणि रोगजंतू दुसऱ्या खोऱ्यात शिरतील आणि विनिपेग सरोवरातील मासेमारीची हानी होईल, अशी त्याची भीती होती. १९०९ च्या तहान्वये नेमलेल्या संयुक्त आयोगाने १९७७ मध्ये ही हरकत बऱ्याच अंशी उचलून धरली. १९८६ आणि २००० या सालांच्या कायद्यांनी योजना कापून लहान केली. कालवा आहे, दहा लाख एकर मात्र कागदावरच राहिले. लाभक्षेत्राचा नकाशा आधी रंगवायचा आणि पाणी नंतर शोधायचे, ही पद्धत केवळ आपल्याकडेच आहे अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी ती सोडून द्यावी.

शिवाय, अडवलेली नदी कायमची माणसाळली असेही झाले नाही. २००५ मध्ये दुष्काळाने सकाकवियाची पातळी १,८०६ फुटांपर्यंत उतरली. होड्यांचे धक्के चिखलात उघडे पडले. वरच्या राज्यांना पाणी तलावात हवे होते, तर खालच्या राज्यांना बोटी चालवण्यासाठी नदीत. यावरून तंटे न्यायालयापर्यंत गेले. उलट २०११ मध्ये बर्फ आणि पाऊस यांनी असा जोर केला, की गॅरिसन धरण झाल्यापासून प्रथमच सांडव्याचे दरवाजे पुरासाठी उघडावे लागले आणि बिस्मार्कच्या परिसरात घरांत पाणी शिरले.

हे झाले माणसाने केलेल्या सरोवरांविषयी. पण याच २०११ साली, मिसुरीपासून दूर, राज्याच्या ईशान्य भागात निसर्गाचे सरोवरही आपला उच्चांक गाठत होते. आता त्या तिसऱ्या सरोवराकडे जाऊ.

डेव्हिल्स लेक म्हणजे सैतानाचे तळे. वास्तविक डाकोटा लोकांचे त्याला 'मनि वाकान' असे नाव होते. 'वाकान' म्हणजे पवित्र, दैवी. नव्याने आलेल्यांनी या 'दैवी'चे भाषांतर 'सैतानी' असे केले. आपल्याला जे कळत नाही ते सैतानाचे, असा माणसाचा एकंदर न्याय दिसतो! या सरोवराच्या दक्षिणेला डाकोटांचा राखीव प्रदेश आहे. त्यांनी आपल्या राष्ट्राचे नाव आता 'स्पिरिट लेक' असे घेतले आहे.

या सरोवराचे वैशिष्ट्य असे, की लोणारच्या सरोवराप्रमाणेच त्यातून एरवी कोणतीही नदी बाहेर पडत नाही. आजूबाजूचे पाणी आत येते आणि जाते ते फक्त वाफेने. त्यामुळे ओल्या वर्षांत ते फुगते, कोरड्या वर्षांत आटते आणि आटताना खारट होत जाते. १८८३ मध्ये रेल्वे आली तेव्हा काठावर गाव वसले आणि 'मिनी एच.' नावाची आगबोट उतारू आणि टपाल घेऊन फोर्ट टॉटनच्या लष्करी ठाण्याकडे ये-जा करू लागली. पाणी हटत गेले, धक्का कोरडा पडला आणि १९०९ मध्ये बोट बंद झाली. पश्चिमेकडचे मिनवॉकन हे गावही काठावरच वसले होते. सरोवर त्याला सोडून आठेक मैल दूर गेले. १९४० मध्ये पाणी सर्वांत खाली गेले आणि जे उरले ते अतिशय खारट होते. सरोवर संपले अशी लोकांची समजूत झाली. मोकळ्या झालेल्या तळावर शेते आली, रस्ते आले.

१९९३ मध्ये सरोवराची पातळी सुमारे १,४२२ फूट होती. त्या उन्हाळ्यापासून ओल्या वर्षांची जी रांग लागली, ती थांबेना. २०११ च्या जूनमध्ये पातळी १,४५४ फुटांवर गेली. अठरा वर्षांत बत्तीस फूट! आपणांस हे फार वाटणार नाही. पण ताटासारख्या सपाट मुलखात एक फूट पाणी चढले म्हणजे मैलोगणती जमीन जाते. १९९३ मध्ये सुमारे ४४ हजार एकरांवर असलेले पाणी २०११ मध्ये दोन लाख एकरांहून अधिक क्षेत्रावर पसरले होते. येथे संपादनाची नोटीस नव्हती, करार नव्हता, सही नव्हती. या वर्षी शेताचा कोपरा गेला, पुढच्या वर्षी बांध गेला, मग गोठा गेला, आणि एक दिवस पाणी ओट्याशी आले. शेकडो घरे उचलून हलवावी लागली किंवा पाडावी लागली. रस्ते आणि रेल्वेचे रूळ पुन्हा पुन्हा उंच करावे लागले. डेव्हिल्स लेक शहराभोवती मैलोगणती लांबीचे बांध घातले गेले. आठ मैल दूर गेलेले सरोवर मिनवॉकनच्या वेशीवर परत आले आणि गावाला आपली शाळा दुसरीकडे न्यावी लागली. साऱ्या खटाटोपाचा खर्च एक अब्ज डॉलरांपलीकडे गेला.

पाणी १,४५८ फुटांवर चढले असते, तर टोल्ना नावाच्या घळीतून ते आपण होऊन शायेन नदीत आणि तेथून रेड नदीत उतरले असते. गेल्या चार हजार वर्षांत असे निदान दोनदा घडले असल्याचे भूशास्त्रज्ञांना गाळाच्या थरांवरून आढळले आहे. तसे अनावरपणे घडू नये म्हणून राज्याने २००५ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये पंप बसवून पाण्याला कृत्रिम वाट करून दिली. पण हे पाणी सल्फेटयुक्त आहे; ते आपल्या नद्यांत नको, असे खालच्या गावांचे आणि कॅनडाचे म्हणणे. वरच्या शेतकऱ्याला प्रत्येक इंचाची घाई, खालच्याला प्रत्येक घोटाची धास्ती. दोघेही आपापल्या जागी खरे. त्यानंतर पातळी काही फूट उतरली; परंतु १९९३ पूर्वीचे सरोवर काही परत आले नाही.

आता या तीन सरोवरांतून आपण काय घ्यावे? काही जण म्हणतील, निसर्गानेही गावे बुडवली आणि माणसानेही बुडवली. मग धरणालाच दोष का द्यायचा? प्रश्न योग्य आहे. आमचे उत्तर असे. डेव्हिल्स लेकच्या बाबतीत चूक झाली ती विसरण्याची. सरोवराचा तळ म्हणजे सरोवराची जागा, हे दोन कोरड्या पिढ्यांत लोक विसरले. पण मिसुरीच्या बाबतीत कोणीही काहीही विसरलेले नव्हते. कोणाची मळई जाणार, किती घरे उठणार, कोणते गाव बुडणार, हे सर्व नकाशावर आधीच आखलेले होते. ते माहीत असूनही जागा ठरली. म्हणून पहिल्या प्रकारात आपण सावधपणा शिकावा. दुसऱ्या प्रकारात जबाबदारी मानली पाहिजे. ज्या महाराष्ट्राने १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह पाहिला आणि 'धरणग्रस्त' हा शब्द आपल्या भाषेत रूढ केला, त्याला हा भेद समजावून सांगण्याची गरज नसावी.

धरणे बांधूच नयेत असे आमचे म्हणणे नाही. आपण सारेच कोठल्या ना कोठल्या धरणाचे पाणी पितो आणि त्याच्या विजेच्या दिव्याखाली बसून हे बोलणे चालले आहे. आमचे मागणे लहान आहे. सरोवराची लांबी, रुंदी आणि खोली यांचा जो तक्ता आपण मुलांकडून पाठ करून घेतो, त्यात आणखी एक रकाना घालावा: तळाशी काय होते. सकाकवियापुढे लिहावे, एल्बोवुड्स. मक्याची शेते आणि एक इस्पितळ. ओआहेपुढे लिहावे, स्टँडिंग रॉक आणि शायेन रिव्हर यांची मळई. डेव्हिल्स लेकपुढे लिहावे, ज्यांनी तळाला जमीन मानले त्यांची घरे. हा रकाना भरायला अवघड आहे, कारण त्यातील आकडे पाण्याखाली आहेत आणि ते सांगणारी माणसे थोडी उरली आहेत. जॉर्ज जिलेट यांनी तोंड झाकले होते. आपण निदान डोळे झाकू नयेत, एवढेच.

मित्राने गारव्याविषयी विचारले होते. तो या व्याख्यानाने मिळाला नसेल तर आम्ही क्षमा मागतो.